चार वाजताची अर्धी गोळी : घरी सांभाळलेली आई आणि मुलाचा शोक — एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ६६ वर्षांची स्त्री, राहणार ठाण्याच्या वर्तकनगर परिसरातील जुन्या म्हाडा वसाहतीत. पती वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात फिटर होते. ते काही वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. घरात रुग्ण आणि तिचा ३९ वर्षांचा मुलगा अशी दोनच माणसे. मुलगा ऐरोलीतील एका कंपनीत हिशेब विभागात नोकरीला असून त्याचा घटस्फोट झालेला आहे. थोरली मुलगी कळंबोलीला सासरी असते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि औषधांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणाचा सगळा गुंता आणि त्याची उकल त्या क्रमातच आहे.

मी घरपोच उपशामक सेवा देणाऱ्या, म्हणजे ज्याला सर्रास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्या कामातील एका चमूत समुपदेशक आहे. आमचा या घराशी संबंध आला तो आजाराच्या अखेरच्या टप्प्यात, आणि मृत्यूनंतर पाच महिन्यांनी पुन्हा आला. या दोन भेटींमध्ये जे अंतर पडते, त्यात शोक कसा साचतो आणि कोणत्या क्षणावर अडकून बसतो, हे नोंदवणे हा या लेखाचा हेतू आहे.

आजार

रुग्णाला लहानपणापासून मिसरी लावण्याची सवय होती. माहेरी जुन्नरकडे सगळ्याच बायका लावत, त्यामुळे ते व्यसन आहे असे घरात कोणाला कधी वाटले नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण मिसरी ही तंबाखू तव्यावर भाजून घरच्या घरी करता येणारी वस्तू असल्याने त्या बंदीने तिच्या डबीला धक्का लागला नाही. उजव्या गालाच्या आत झालेली जखम बरेच दिवस ‘तोंड आलंय’ म्हणून अंगावर काढली गेली आणि जवळच्या एका दवाखान्यात त्यावर मलम व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या गेल्या. तोंडातील जी जखम तीन आठवड्यांत भरत नाही, तिचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे, हे साधे सूत्र इथे पाळले गेले नाही.

निदान झाले तेव्हा आजार जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचलेला होता. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तीत जबड्याचा काही भाग आणि मानेतील गाठी काढल्या गेल्या, आणि नंतर सहा आठवडे खारघर येथील केंद्रात किरणोपचार झाले. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. वर्ष भरायच्या आत आजार मानेत आणि गालाच्या त्वचेवर परतला. मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब या घरी घेण्याच्या गोळ्यांवर काही महिने निभावले. त्यांचाही उपयोग थांबला तेव्हा डॉक्टरांनी आता घरीच सांभाळा, असे मुलाला बाजूला घेऊन सांगितले.

झाकून ठेवलेले निदान

रुग्णाला ‘गाठ’ आहे एवढेच सांगायचे, कॅन्सर हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असा दंडक मुलाच्या मामांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. “तिला कळलं तर ती हाय खाईल,” हे त्यांचे वाक्य मुलगा आणि मुलगी दोघेही प्रमाण मानत होते. फाइल मुलाच्या कपाटात कुलूपबंद असे. गालावर जखम फुटल्यावर न्हाणीघरातला आरसाही काढून टाकण्यात आला होता.

अशी लपवाछपवी आपल्याकडे इतकी सर्रास चालते की तिला कोणी लपवाछपवी म्हणतही नाही. तिला माया म्हणतात, आणि ती मायेपोटीच असते हे खरे आहे. पण तिची किंमत सांभाळणाऱ्याला मोजावी लागते. या मुलाला दीड वर्ष आईजवळ बसून प्रत्येक वाक्य तोलून बोलावे लागले. आईला रात्री वेदना झाल्या की तो तिला “औषध लागू पडतंय, म्हणून दुखतंय” असे सांगायचा, आणि मग गॅलरीत जाऊन तंबाखू मळायचा.

आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या गृहभेटीत रुग्णाला सरळ काही सांगितले नाही, फक्त विचारले, “आजी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” तोवर तिला स्पष्ट बोलता येत नव्हते, म्हणून उशाशी शाळेतली पाटी ठेवलेली असे. तिने पाटीवर लिहिले, ‘गाडीच्या डब्यावर वाचलं होतं.’

किरणोपचारांच्या काळात ती दोघे ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या पनवेल गाडीने खारघरला जात, आणि गर्दी टाळण्यासाठी राखीव डब्यात बसत. तो डबा दिव्यांगांसाठी आणि कर्करुग्णांसाठी असतो, आणि तसे त्यावर लिहिलेले असते. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईपासून तिच्या आजाराचे नाव लपवण्यासाठी फाइलला कुलूप लावले गेले आणि तिला रोज त्या पाटीखालून गाडीत चढवले गेले. शिवाय ‘टाटाला नेलंय’ या दोन शब्दांचा अर्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही चाळीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ती गप्प राहिली होती ती मुलाला त्रास होऊ नये म्हणून, आणि मुलगा गप्प राहिला होता तो तिला त्रास होऊ नये म्हणून.

त्यानंतरच्या आठवड्यात पाटी सतत भरत आणि पुसली जात होती. बँकेच्या पासबुकात वारस म्हणून कोणाचे नाव आहे. पाटल्या मुलीच्या मुलीला द्यायच्या. घरात सून नाही तेव्हा गौरी यापुढे मुलीने कळंबोलीला बसवाव्यात, पण गणपती इथेच आणायचा. आणि दवाखान्यात नळ्या लावून ठेवायचे नाही. या शेवटच्या इच्छेला पुढे महत्त्व आले. अशी इच्छा कायदेशीर दस्तऐवजाच्या रूपात लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करून घेता येतो. इथे तेवढा वेळ मिळाला नाही. मात्र मुलीने पाटीचा फोटो काढून ठेवला, आणि मामांनी अतिदक्षता विभागाचा आग्रह धरला तेव्हा तिने तोच त्यांच्यापुढे ठेवला. मामांनी त्यानंतर दोन दिवस फोन उचलला नाही.

घरातील शुश्रूषा

मुलाने सुरुवातीला घरून काम मागून घेतले, नंतर बिनपगारी रजा घेतली. मुलगी बुधवारी आणि रविवारी मानसरोवर स्थानकावरून गाडी पकडून येई. नाकातून घातलेल्या नळीने दर अडीच-तीन तासांनी गाळलेली पेज, डाळीचे पाणी, ताक किंवा नाचणीची पातळ आंबील द्यायची, आधी आणि नंतर नळीत साधे पाणी सोडायचे, आणि नंतर निदान अर्धा तास डोके उंच ठेवायचे, हे सगळे तो दोन दिवसांत शिकला. अवघड गेली ती जखम. तिच्या वासामुळे शेजारच्या बायका दारातूनच परत जाऊ लागल्या होत्या आणि ते रुग्णाच्या लक्षात येत होते. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून ती जखमेवर टाकून ड्रेसिंग करण्याची पद्धत परिचारिकेने दाखवल्यावर तीन-चार दिवसांत वास बराच कमी झाला. समोरच्या घरातील काकू पुन्हा येऊन बसू लागल्या, आणि त्याचा परिणाम एखाद्या औषधापेक्षा कमी नव्हता. मानेतील मोठी रक्तवाहिनी फुटण्याचा धोका होता, म्हणून गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगितले होते. तसे काही झाले नाही, पण मुलगा ते टॉवेल रोज घडी मोडून पुन्हा घालत असे.

अंग पुसण्याचा प्रश्न मात्र कोणी मोकळेपणाने मांडत नव्हते. आई मुलाला हात लावू देत नव्हती आणि मुलगाही तिथून उठून जायचा. मुलीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत पाठीवर पहिला लाल डाग दिसला, तेव्हा परिचारिकेने चादरीखालून, एका वेळी एकच भाग उघडा करून अंग कसे पुसायचे ते मुलाला शिकवले. आईने त्या दिवशी पाटीवर लिहिले, ‘तुला मी असंच पुसायचे’. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

वेदनेसाठी मॉर्फिन सुरू झाले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध वर्षानुवर्षे दुर्मीळ होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत ते मिळणे काहीसे सोपे झाले, तरी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात ते अजूनही मिळत नाही. १० मिलिग्रॅमची गोळी पाण्यात विरघळवून नळीतून, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला द्यायची, रात्रीच्या वेळी दुप्पट, म्हणजे मधली झोपमोड टळते. मध्येच कळ आली तर एक जादा गोळी. बद्धकोष्ठता होणारच हे धरून पहिल्या दिवसापासून रेचक. मुलाचा पहिला प्रश्न “सवय लागेल का?” हा होता, आणि दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो बहुतेकांच्या मनात असतो : याने आई लवकर जाईल का? वेदनेच्या मापाने बेतलेले आणि हळूहळू वाढवलेले मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले. पण एकदा ऐकलेले स्पष्टीकरण पहाटेच्या अंधारात टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

मुलगा हिशेबाचा माणूस असल्याने त्याने एका लाँगबुकमध्ये पट्टीने रकाने आखून नोंदी ठेवल्या : वेळ, औषध, फीड, लघवी, शौच, दुखणे शून्य ते दहापैकी किती, आणि शेवटी एक रुंद रकाना ‘शेरा’. आमच्या कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा ही वही चांगली होती.

शेवटची रात्र आणि त्यानंतरचे दिवस

मृत्यू पहाटे साडेपाचच्या सुमारास घरीच झाला. चारच्या सुमारास आई कण्हत होती म्हणून मुलाने मॉर्फिन दिले होते. उपचारांचा सारांश आधीच लिहून घरात ठेवलेला असल्याने जवळच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र लगेच दिले. घरी झालेल्या मृत्यूत हा कागद तयार नसेल तर कुटुंबाची जी धावपळ होते ती इथे झाली नाही. जवाहरबाग स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले.

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. तासभर वाट पाहिली, मामांनी “भाच्याचं पुन्हा लग्न लावून देतो” असा शब्द दिला, तरी कावळे झाडावरच बसून राहिले. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. तिथे जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, “जीव अडकलाय कशात तरी.” हे वाक्य बोलणारा माणूस कोण होता, हे आज घरात कोणालाच आठवत नाही. मुलाला ते शब्द पाठ आहेत.

पाच महिन्यांनंतर

मुलगी आमच्याकडे आली ती भावाची तक्रार घेऊन. तो फोन उचलत नाही, घर आवरू देत नाही, आईची खाट हलवू देत नाही, आणि कामावर पुन्हा रुजू झाला असला तरी तिथे त्याच्या चुका होतात. मुलगा स्वतः भेटायला आला तेव्हा झोपेबद्दल बोलला. त्याला रोज पहाटे पावणेचारला जाग येते. तो उठतो, स्वयंपाकघरात जातो, वाटी काढतो आणि मग काय करायचे होते ते आठवून पुन्हा ठेवतो. पुढे तो खालच्या आवाजात म्हणाला, “शेवटचा डोस मी दिला. जादाचा. त्यानंतर दीड तासात ती गेली. कावळ्याला कळलं, डॉक्टरांना नाही कळलं.”

या टप्प्यावर दोन गोष्टी तातडीच्या होत्या. जगू नये असे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का, हे त्याला थेट विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. त्याने नाही म्हटले, पण उरलेल्या मॉर्फिनच्या दोन पट्ट्या देव्हाऱ्याखालच्या खणात असल्याचे त्याच संभाषणात सांगितले. बहिणीने त्या त्याच दिवशी औषध दिलेल्या केंद्रात परत केल्या. रात्रीबेरात्री बोलावेसे वाटले तर लावायचा टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून दिला.

दुसरा प्रश्न नावाचा होता. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या विकाराचे निकष आता ठरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने आणि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिने उलटलेले असावे लागतात. इथे दोन्ही मुदती पुऱ्या झाल्या नव्हत्या, आणि आम्ही कोणताही शिक्का मारला नाही. तरीही थांबून वाट पाहण्यासारखी ही स्थिती नव्हती. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडल्याप्रमाणे शोकात असलेला माणूस गेलेल्याकडे आणि समोरच्या आयुष्याकडे आलटून पालटून वळत राहतो. या मुलाचे हे वळणेच थांबले होते, कारण तो आईसाठी शोक करतच नव्हता. तो स्वतःवर खटला चालवत होता, आणि त्यात पुरावा एकच धरलेला होता.

म्हणून आम्ही त्याला धीर देण्याच्या फंदात पडलो नाही. ‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य त्याला नातेवाइकांनी इतक्यांदा ऐकवले होते की त्यात काही उरले नव्हते. त्याला वही घेऊन यायला सांगितले. डॉक्टर, मुलगा, मुलगी आणि मी असे बसून शेवटच्या तीन दिवसांची पाने ओळ न ओळ वाचली. वाचायचे काम त्यानेच केले.

आदल्या दिवशी सकाळी सातनंतर लघवीच्या रकान्यात काही नव्हते. दुपारी तीनला शेऱ्यात लिहिले होते : ‘श्वास मधेच थांबतो. १०–१५ सेकंद. पाय गार.’ संध्याकाळी सहाला मॉर्फिन १०. साडेसातला : ‘डॉक्टरांना फोन. लघवी नाही म्हणून ठरलेले डोस बंद. कण्हली तरच अर्धी गोळी.’ रात्री दहाच्या ओळीत : ‘दिली नाही.’ साडेबाराला : ‘श्वास थांबणे वाढले, २५ सेकंद.’ अडीचला तेच, तीस सेकंद. चारला : ‘कण्हते. अर्धी.’

अर्धी हा शब्द वाचताना तो थांबला. पाच महिने तो जादाच्या डोसाबद्दल बोलत होता, आणि त्याच्याच अक्षरात त्या रात्री नेहमीची दुप्पट मात्रा गाळलेली होती. दहा तास मॉर्फिन दिलेच नव्हते, आणि त्याच दहा तासांत श्वासांमधले अंतर वाढत गेले होते. मूत्रपिंडे थकली की मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात, म्हणूनच तो बदल सांगितला होता, हे डॉक्टरांनी समजावले. मृत्यूची प्रक्रिया आदल्या दुपारीच सुरू झालेली होती, आणि पाच मिलिग्रॅमने तिचे कारण बदलले नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मुलाने आधीच्या आठवड्याचे पान स्वतःच उलटून काढले. त्यात एका रात्री साडेतीनला जादाची पूर्ण गोळी दिल्याची नोंद होती आणि सकाळी शेऱ्यात ‘पाटीवर चहा मागितला. दोन चमचे जिभेला लावला’ असे लिहिले होते. डॉक्टरांच्या त्या फोनची त्याला आठवणच उरली नव्हती. अतिशय थकलेल्या माणसाच्या बाबतीत हे वारंवार दिसते : मनात कृती राहते, तिच्याआधीचा सल्ला पुसला जातो. मृत्यूनंतर दोन-तीन आठवड्यांतच औषधांचा क्रम घरच्यांबरोबर पुन्हा वाचण्याची पद्धत असावी, असे या प्रकरणानंतर मला ठामपणे वाटते.

कावळ्याच्या बाबतीत आम्ही काही मत दिले नाही. ती अंधश्रद्धा आहे असे सांगणारे त्याला ऑफिसात भेटलेच होते, आणि त्याने काही साधले नव्हते. उत्तर बहिणीकडून आले. वडिलांच्या वेळीही कावळा शिवला नव्हता, आणि घरी आल्यावर आई म्हणाली होती, “हे जेवायला कधी वेळेवर आलेत? कारखान्यातनं यायचेत अजून.” भाऊ त्या वेळी अस्थी घेऊन आळंदीला गेलेला होता, त्याला हे माहीतच नव्हते. तो हसला, आणि मग बराच वेळ रडला. बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे, आई गेल्यापासून तो प्रथमच रडला होता.

पुढची प्रगती सरळ रेषेत झाली नाही. पहाटेची जाग महिन्याभरात पाच-साडेपाचवर सरकली. खाट दिवाळीआधी मुलीच्या घरी गेली. मामांशी बोलणे अजून तुटक आहे, आणि मुलगी त्यांना गौरीच्या जेवणाला बोलावत नाही.

एक बाब शोकाशी निगडित असूनही बहुधा सुटून जाते. मुलाची तंबाखू रात्रीच्या जागरणांत वाढली होती, आणि आई तोंडाच्या कॅन्सरने गेल्यावरही सुटली नव्हती. खालच्या ओठाच्या आत, जिथे तो चिमूट धरतो, तिथे पांढरा चट्टा आढळला. तुकडा तपासला, त्यात कर्करोग नाही, पण ठरावीक अंतराने तपासणी सांगितली आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावरून समुपदेशन घेऊन त्याने तंबाखू सोडली, वर्षश्राद्धाच्या आठवड्यात पुन्हा धरली आणि पुन्हा सोडली. प्रकरण आमच्याकडे बंद झालेले नाही. तोंडाची पुढची तपासणी मार्चअखेरचे हिशेब उरकल्यावर करायची असे त्याने ठरवले आहे, आणि बहीण त्याच्याबरोबर जाणार आहे.